विश्लेषण : किनारा नसलेल्या सातारा-सांगलीचा नेता आणि २०० सागरी मैलांचा कायदा… यशवंतराव चव्हाणांच्या काळात काय घडले?

यशवंतराव चव्हाण म्हटले की संयुक्त महाराष्ट्र, पंचायत राज, सहकारी साखर कारखाने आणि चीन युद्धानंतर हिमालयाच्या मदतीला गेलेला सह्याद्री, एवढे सगळ्यांना आठवते. पण ते परराष्ट्रमंत्री असताना, १९७६ मध्ये, भारताने समुद्रावरील आपल्या हक्कांची रेषा १२ सागरी मैलांवरून थेट २०० मैलांपर्यंत नेली, हे फारसे बोलले जात नाही. परदेशी जहाजाने आपल्या समुद्रात तेल सांडले तर त्याला जाब कोणी विचारायचा, या प्रश्नाचे भारतीय उत्तर तिथून सुरू होते. कृष्णाकाठच्या या नेत्याचा जीवनप्रवास आणि समुद्राचा कायदा कुठे एकत्र येतो, हे समजून घेऊ या.

यशवंतराव साताऱ्याचे की सांगलीचे?

दोन्हीकडचे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. हे गाव तेव्हा जुन्या सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. त्यामुळे जन्मगाव आज सांगली जिल्ह्यात, तर ज्या कराडमध्ये ते वाढले, शिकले आणि वकिली केली ते सातारा जिल्ह्यात, अशी विभागणी झाली.

वडील बळवंतराव लवकर गेले. आई विठाबाईंनी हलाखीत मुलांना वाढवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असतानाच ते १९३० च्या कायदेभंग चळवळीत ओढले गेले. १९३२ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यानंतर शिक्षण पुरे करून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये ते पदवीधर झाले. इतिहास आणि राज्यशास्त्र हे त्यांचे विषय होते. पुढे पुण्यात कायद्याची पदवी घेऊन ते कराडला वकिली करू लागले. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांत चले जाव चळवळ सुरू झाल्याने ते भूमिगत झाले.

१९४६ मध्ये दक्षिण सातारा मतदारसंघातून ते मुंबई विधिमंडळात गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. पण पाण्याचे नाते आहे. कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते, तर कोयना धरणाचे पाणी वीज निर्माण करून पश्चिमेला उतरते आणि त्याचे अवजल वाशिष्ठीतून दाभोळजवळ अरबी समुद्रात जाते.

समुद्राशी त्यांचा संबंध कधी आला?

नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. चीनकडून झालेल्या पराभवानंतर सगळे लक्ष साहजिकच लष्करावर आणि हिमालयावर होते. तरीही नौदलाच्या दृष्टीने दोन मोठे निर्णय याच काळातले आहेत. पहिला, ब्रिटनच्या मदतीने लिअँडर वर्गाच्या युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीतच बांधण्याचा. त्यातली पहिली नौका नीलगिरी १९७२ मध्ये नौदलात आली. दुसरा निर्णय पाणबुड्यांचा. ब्रिटनकडून अपेक्षित प्रतिसाद न मिळाल्याने भारत सोव्हिएत संघाकडे वळला आणि १९६५ मध्ये करार झाला. कलवरी ही पहिली पाणबुडी डिसेंबर १९६७ मध्ये दाखल झाली, तोपर्यंत यशवंतराव गृहमंत्री झाले होते.

१९७० ते १९७४ या काळात ते अर्थमंत्री होते. सोने, घड्याळे आणि कापडाची तस्करी तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर जोरात होती. ती रोखणारे सीमाशुल्क खाते अर्थमंत्रालयाच्या अखत्यारीत येते. पण त्या खात्याच्या होड्या तस्करांच्या वेगवान होड्यांपुढे अपुऱ्या पडत. नौदलाला या कामाला जुंपावे तर युद्धनौका महाग आणि त्यांचे काम वेगळे. समुद्रावर कायदा राबवण्यासाठी स्वतंत्र दल हवे, हा विचार याच अडचणीतून पुढे आला. केंद्राने १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने १९७५ मध्ये तटरक्षक दलाची शिफारस केली.

१९७६ पूर्वी भारताचा समुद्र किती होता?

स्वातंत्र्यानंतर भारताने प्रादेशिक समुद्राची मर्यादा १९५६ मध्ये ६ सागरी मैल आणि १९६७ मध्ये १२ सागरी मैल अशी वाढवली. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे किनाऱ्यापासून साधारण २२ किलोमीटरपर्यंतच आपला पूर्ण अधिकार. त्यापुढे खुला समुद्र.

खुल्या समुद्राचा जुना नियम सोपा होता. जहाज ज्या देशाचा ध्वज लावते, त्या देशाचा कायदा त्याला लागू. पनामा किंवा लायबेरियात नोंदलेल्या जहाजाने रत्नागिरीपासून ३० मैलांवर टाक्या धुऊन तेलकट पाणी सोडले, तर त्याच्यावर कारवाई करायची ती पनामाने किंवा लायबेरियाने. किनाऱ्यावर डांबरगोळे मात्र आपल्या येणार.

या नियमातील धोका जगाला मार्च १९६७ मध्ये कळला. टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यात सव्वा लाख टनांच्या आसपास कच्चे तेल होते. किनारे काळे झाले, हजारो समुद्रपक्षी मेले. त्यातून १९७३ मध्ये जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणारा मारपोल हा आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची समुद्र कायद्याची तिसरी परिषदही सुरू झाली.

भारतासाठी आणखी एक कारण होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले. हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे १२ मैलांच्या कितीतरी पलीकडे आहे. मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. त्या परिसरावरचा हक्क आणि त्याच्या सुरक्षेची कायदेशीर चौकट पक्की करणे आता निकडीचे होते.

परराष्ट्रमंत्री म्हणून यशवंतरावांच्या काळात काय घडले?

ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि मार्च १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. समुद्र कायद्याच्या परिषदेची १९७५ ची जिनिव्हातील आणि १९७६ ची न्यूयॉर्कमधील सत्रे याच काळात झाली. किनारी देशाला २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र मिळावे, हा विचार तिथे बळ धरत होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना तो हवा होता. मोठ्या आरमारांच्या आणि व्यापारी जहाजांच्या देशांना भीती होती, की यामुळे जहाजांच्या मुक्त वाहतुकीवर बंधने येतील.

करार पूर्ण होण्याची वाट न पाहता भारताने तीन पावले उचलली.

पहिले पाऊल घटनादुरुस्तीचे. मे १९७६ मधील ४० व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २९७ बदलला. अनन्य आर्थिक क्षेत्रातील साधनसंपत्ती केंद्राच्या मालकीची झाली आणि सागरी क्षेत्रांच्या मर्यादा संसदेच्या कायद्याने ठरवण्याचा मार्ग मोकळा झाला.

दुसरे पाऊल सागरी क्षेत्र कायदा, १९७६. त्याने चार पट्टे आखले : १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र, २४ मैलांपर्यंतचा संलग्न पट्टा, सागरमग्न खंडभूमी आणि २०० मैलांचे, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचे अनन्य आर्थिक क्षेत्र. हे क्षेत्र जानेवारी १९७७ पासून लागू झाले. त्यामुळे सुमारे २० लाख चौरस किलोमीटर समुद्र भारताच्या अधिकारकक्षेत आला.

तिसरे पाऊल शेजाऱ्यांशी सीमा ठरवण्याचे. मार्च १९७६ मध्ये श्रीलंकेशी मन्नारचे आखात आणि बंगालच्या उपसागरातील सीमेचा करार झाला. जुलैमध्ये भारत, श्रीलंका आणि मालदीव यांच्या सीमा जिथे मिळतात तो बिंदू ठरला. डिसेंबरमध्ये मालदीवशी सागरी सीमेचा करार झाला.

हे एका माणसाचे श्रेय नाही. विधिमंत्री ह. रा. गोखले यांचे मंत्रालय, नौदल, तेल आणि मत्स्य खाती, परराष्ट्र खात्यातील कायदेतज्ज्ञ असे अनेक जण यात होते. पण सीमा ठरवणे आणि परिषदेत देशाची बाजू मांडणे हे परराष्ट्र खात्याचे काम, आणि त्या खात्याची राजकीय जबाबदारी तेव्हा यशवंतरावांकडे होती.

या कायद्यात प्रदूषणाविषयी काय आहे?

कलम ७ हे त्याचे मर्म आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रात मासे, तेल आणि खनिजांवर सार्वभौम हक्क तर दिलेच, पण सागरी पर्यावरणाचे जतन आणि सागरी प्रदूषणाला प्रतिबंध करण्याचा अनन्य अधिकारही केंद्राला दिला. सागरमग्न खंडभूमीबाबतही तशीच तरतूद आहे. कायद्याचे उल्लंघन केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्याच वेळी परदेशी जहाजांचे वाहतुकीचे स्वातंत्र्य कायद्याने मान्य केले. म्हणजे २०० मैलांचा हा पट्टा देशाच्या भूमीसारखा नाही. तिथून कोणतेही जहाज जाऊ शकते, पण तिथे घाण करून जाऊ शकत नाही.

यावर टीका कोणती होते?

दोन आक्षेप महत्त्वाचे आहेत आणि दोन्ही टाळता येण्यासारखे नाहीत.

हे सगळे आणीबाणीत घडले. विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर निर्बंध होते. ज्या ४० व्या घटनादुरुस्तीने समुद्राचा हक्क दिला, तिनेच आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनाला बंदी करणारा कायदा नवव्या अनुसूचीत टाकून त्याला न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिले. तो पुढे जनता सरकारच्या काळात तेथून काढण्यात आला. यशवंतराव या सरकारमध्ये शेवटपर्यंत राहिले. त्यांच्या राजकीय आयुष्यातील हा सर्वांत अडचणीचा काळ मानला जातो.

दुसरा आक्षेप तमिळनाडूचा. १९७६ च्या करारासोबत झालेल्या पत्रव्यवहारानुसार दोन्ही देशांच्या मच्छीमारांना एकमेकांच्या हद्दीत मासेमारी करता येणार नाही, असे ठरले. त्याआधी जानेवारीत तमिळनाडूतील सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली होती. त्यामुळे ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांचे निवडून आलेले सरकारच तेव्हा नव्हते. रामेश्वरमच्या मच्छीमारांच्या अटकेच्या बातम्या आजही येतात, त्याचे एक मूळ इथे आहे. समुद्रावर रेषा आखली की तिच्या दोन्ही बाजूंना कोणाचे तरी जाळे अडकते, हा त्याचा धडा.

कायदा राबवणार कोण?

कायदा झाला तेव्हा तो राबवणारे दल नव्हते. रुस्तमजी समितीच्या शिफारशीनुसार १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी तटरक्षक दल सुरू झाले. नौदलाने दिलेल्या दोन जुन्या युद्धनौका आणि पाच गस्ती नौका एवढाच त्याचा पसारा होता. पुढच्याच महिन्यात निवडणुकीत काँग्रेस हरली आणि यशवंतरावांचे मंत्रिपद गेले. तटरक्षक दलाचा कायदा १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने केला. सरकार बदलले तरी काम थांबले नाही, ही यातली चांगली बाजू.

आज ही साखळी साधारण अशी चालते. तटरक्षक दलाची विमाने आणि नौका तेलाचा तवंग शोधतात. १९८६ पासून समुद्रातील तेलगळतीला तोंड देण्याची जबाबदारी या दलाकडे आहे. तवंगातील तेलाचा नमुना संशयित जहाजाच्या तेलाशी ताडून पाहता येतो. जहाज बंदरात आले की मुंबईत मुख्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाचे अधिकारी त्याची तपासणी करू शकतात. प्रत्येक मोठ्या जहाजावर तेलाची नोंदवही असते. कोणत्या टाकीत किती तेलकट पाणी होते आणि त्याचे काय केले, हे तीत लिहावे लागते. इंजिनखान्यातील पाणी समुद्रात सोडायचे तर त्यात तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त नको, असा मारपोलचा नियम आहे. हिंदी महासागरातील देश अशा बंदर तपासण्यांची माहिती एकमेकांना देतात आणि त्या व्यवस्थेचे सचिवालय गोव्यात आहे. नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालय जहाजच अडकवून ठेवू शकते.

हा कायदा प्रत्यक्षात कामी आला का?

आला, पण उशिरा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले, बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि तेल खारफुटीत शिरले. हा अपघात किनाऱ्याजवळ होता, त्यामुळे हद्दीचा प्रश्न नव्हता.

हद्दीचा प्रश्न वर्षभराने आला. ४ ऑगस्ट २०११ रोजी ६० हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन गुजरातमधील दहेजकडे निघालेले आरएके कॅरिअर हे पनामाचा ध्वज असलेले जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. म्हणजे १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर. तिथे भारतीय हरित लवादाचा अधिकार चालतो का, हा मुद्दा निघाला. लवादाने अनन्य आर्थिक क्षेत्राबाबतचा भारताचा अधिकार लक्षात घेऊन प्रकरण आपल्या कक्षेत येते असे ठरवले. ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालक कंपनीला पाच कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १९७६ मध्ये आखलेली रेषा अशी ४० वर्षांनी उपयोगी पडली.

मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा-३ हे लायबेरियाचा ध्वज असलेले जहाज ६४० कंटेनरसह बुडाले. त्यातील १३ कंटेनरमध्ये घातक माल होता. केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवण्याचा आदेश दिला. जहाज बुडाले तरी मालक सुटत नाही, हे दाखवणारी ही अलीकडची घटना.

मग अडचण कुठे आहे?

मोठ्या अपघाताला नाव असते, तारीख असते, जहाज सापडते. रोजच्या घाणीला यातले काहीच नसते. रात्री टाकी धुऊन जहाज निघून जाते. पावसाळ्यात वारा आणि लाटा ते तेल किनाऱ्याकडे ढकलतात आणि कोकण-गोव्याच्या वाळूत डांबरगोळे दिसू लागतात. तोपर्यंत जहाज हजारो मैल पुढे गेलेले असते. पुरावा गोळा झाला तरी १९७६ च्या कायद्याखाली खटला भरायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. शिवाय आंतरराष्ट्रीय कराराने १२ मैलांपलीकडील परदेशी जहाजाला प्रदूषणासाठी केवळ आर्थिक दंडच करता येतो. मोठ्या कंपनीला हा दंड किती जाचक वाटेल, हा प्रश्न उरतोच. ज्या मच्छीमाराचे जाळे तेलाने माखले, त्याच्या हातात भरपाई पडायला वर्षे जातात.

यशवंतरावांनी यातले किती पाहिले?

फार थोडे. १९७९ मध्ये ते चरणसिंग सरकारमध्ये उपपंतप्रधान झाले, पण ते सरकार टिकले नाही. पुढे ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतले आणि आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. याच अखेरच्या काळात त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग, कृष्णाकाठ, प्रसिद्ध झाला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा आणि कोयना जिथे मिळतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

समुद्र कायद्याच्या करारावर डिसेंबर १९८२ मध्ये सह्या झाल्या, तेव्हा ते होते. भारताने मारपोल स्वीकारला तो सप्टेंबर १९८६ मध्ये, त्यांच्यानंतर. समुद्र कायद्याचा करार अमलात आला नोव्हेंबर १९९४ मध्ये आणि भारताने त्याला मान्यता दिली जून १९९५ मध्ये. २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या जुन्या व्यापारी नौवहन कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला.

यातली प्रत्येक पुढची पायरी २०० मैलांच्या त्या रेषेवर उभी आहे. रेषा आखण्याचे काम एका पिढीने केले. तिच्या आत कोण तेल सोडतो हे वेळेत पकडणे आणि भरपाई मच्छीमाराच्या घरापर्यंत पोहोचवणे, हे काम मात्र अजून अर्धेच झाले आहे.